वरच्या चाळीस पायऱ्या

मुलांनो, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर थोरलीनं मला शाळेसाठी केलेला तक्ता दाखवला. डोंगराचं चित्र, त्यावर नागमोडी वाट आणि टोकाशी पांढऱ्या केसांची, हातात काठी घेतलेली मी. ही वाट माझ्या आजीनं बांधली, असं तिनं वर्गाला सांगितलं आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या म्हणे. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही बरं वाटत होतं. मग वाटेनासं झालं. त्या वाटेचा चांगला भाग माझा नाही. हे तुम्हाला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. अक्षर मोठं काढलं आहे. अडेल तिथे आईला विचारा.

शाळेतली इंग्रजीची नोकरी संपली त्या वर्षी साताऱ्यातल्या आमच्या डोंगर चढणाऱ्या मंडळानं एक वाट हाती घेतली होती. डोंगराखालच्या वस्तीपासून पठारावरच्या देवळापर्यंत. दिवाळी झाली की काम सुरू, शिमग्याला बंद. वस्तीतली आठ माणसं कामाला. त्यांच्यावर मी, कारण माझ्याकडे वही असते आणि वहीत सगळं असतं. तसं पाहिलं तर मी सांगलीची. नदीकाठच्या सपाटीवर वाढले, लग्न होईपर्यंत चढ म्हणून चढले ते फक्त घाटाच्या पायऱ्या. पण मी डोंगरवाटांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. सुतळी, टेप, पाण्याची पातळनळी, आखणीला फक्की असं सगळं घेऊन मी पहिल्या दिवशी सकाळी आठला हजर झाले.

त्या आठांत एक बाई होती. माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान, वाळलेली, बुटकी. सगळे तिला आक्का म्हणत. तिच्या माहेरी उतारावरच्या शेतांना दगडी ताली, म्हणजे माती अडवणारे बांध, घालायचे. कुठला दगड कुठे बसेल हे तिला नुसतं बघून कळायचं. तिसऱ्या दिवशी मी फक्कीनं वाट आखली. ती झऱ्यावर गेली, घागर काठोकाठ भरली, डोक्यावर घेतली आणि हात न लावता माझ्या पांढऱ्या रेघेवरून चालायला लागली. मध्येच पाणी हिंदकळून खाली सांडलं.

"बाई, हितं सांडलं," ती म्हणाली. "हितं वाट फिरवा."

मी पातळनळी लावून दाखवलं की चढ पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे.

"बराबर आसंल की. पन मान म्हनतीया, न्हाई."

सगळे हसले. आमच्यात सैन्यातून निवृत्त झालेला एक फौजी होता, मला रोज सलाम ठोकायचा. तो म्हणाला, "आवं बाई, सुतळी सरळ हाय, पन डोंगर कुठं सरळ हाय?" आणि त्यानं पहार उचलून ओल्या मातीपाशी खूण केली. माझी फक्की तशीच राहिली.

तिथून पुढे रोज तेच. मी आखायची, ती घागर घेऊन रेघेवरून चालायची, आणि जिथे माती भिजेल तिथे माणसं वळण घ्यायची. पाणी बाजूला काढायला वाटेत तिरके दगड कुठे टाकायचे तेही तीच सांगायची. माझ्याशी कोणी उद्धटपणे बोललं नाही. "व्हय बाई" म्हणायचे, आणि मग हळूच, "आक्कास्नी इचारू द्या की." हे वाक्य दिवसातून किती वेळा येतं ते मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजायला लागले. एका मंगळवारी अकरा झाल्या.

दुपारी भाकरीला सगळे तिच्याभोवती बसायचे. तिच्या ठेच्यावरून भांडणं लागायची. मी माझ्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी घेऊन त्याच सावलीत बसायची, पण मला बाजूला एक सपाट दगड झाडून द्यायचे. मान होता तो. मला तो नको होता. मला त्यांनी माझ्या डब्यात हात घातलेला हवा होता.

एका रविवारी मी घरी कळशी भरून डोक्यावर घेतली आणि गच्चीत चालून बघितलं. चौथ्या पावलाला नखशिखान्त भिजले. तुमचे आजोबा पेपर बाजूला करून म्हणाले, "अगं, आपल्याकडे नळ आला त्याला चाळीस वर्षं झाली." मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

हंगाम संपत आला तेव्हा देवळाखालचा शेवटचा तुकडा राहिला होता, सगळ्यात उभा. तो मला माझा हवा होता. मी आक्काला म्हटलं, "तुम्ही दोघांना घेऊन खाली झऱ्यापाशी थांबा. तिथला ओटा नीट करायचा आहे." ओट्याला काही झालं नव्हतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि घागर घेऊन खाली गेली.

वर आम्ही सुतळी ताणून चाळीस पायऱ्या बसवल्या. सरळ, एका उंचीच्या, एका रुंदीच्या. फौजी दोनदा म्हणाला, "आक्कास्नी याकदा वर बोलवू का?" दोन्ही वेळा मी नको म्हटलं. काम झाल्यावर मंडळाच्या लोकांनी पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढले. शेवटच्या दिवशी आक्का वर आली. घागर आणली नव्हती. पायऱ्यांच्या तळाशी उभी राहून वर बघत म्हणाली, "देखनं झालंया, बाई. पानी कुठनं उतरायचं?"

"बाजूनं," मी म्हटलं.

निघताना तिनं विचारलं, "म्होरल्या साली बोलवताय न्हवं?"

मी म्हटलं, "बघू."

पुढच्या यादीत मी तिचं नाव लिहिलं नाही. मंडळाला कारण दिलं की तरुण माणसं लागतील. मुलांनो, ती माझ्याहून लहान होती.

त्या पावसाळ्यात सगळं पाणी माझ्या पायऱ्यांवरून उतरलं. सरळ होत्या, त्याला बरंच झालं. दिवाळीनंतर वर गेलो तर बहुतेक पायऱ्यांच्या जागी ओढा पडलेला होता. खालची वाट जशीच्या तशी. मग फौजी म्हणाला, "आक्का कवा यायची?" मी म्हटलं, या वर्षी येणार नाही. का, ते त्यानं विचारलं नाही. त्या दिवशी त्यानं मला सलामही केला नाही.

आठवडाभर मी पुस्तक उलटसुलट वाचलं. मग एसटीनं इस्लामपूरला गेले. ती तिथे लेकीकडे राहायला गेल्याचं वस्तीत कळलं होतं. ती दारात शेंगा फोडत बसली होती. एक नात पाठीवर लोंबकळत होती, एक नातू मांडीत होता, आणि दोघं तिच्या तोंडात एकेक दाणा घालून कोणाचा आधी खाते म्हणून भांडत होती. मी काय बोलायला आले होते ते क्षणभर विसरले. तुम्हाला तेव्हा परदेशी जाऊन दोन वर्षं झाली होती. या हेव्यापेक्षा वाटेचा हेवा परवडला असता, असं मला त्या दारात वाटलं.

"पायऱ्या वाहून गेल्या," मी म्हटलं.

"आयकलं. फौजीचा फोन आलता."

"माझं चुकलं. यादीतून तुम्हाला मीच काढलं. या परत."

तिनं नातीला पाठीवरून उतरवलं. "आता न्हाई जमायचं, बाई. लेक कामाला जाती, ही दोगं माज्याबिगर ऱ्हात न्हाईत." तिला खरंच जमत नव्हतं की माझ्यासाठी जमवायचं नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही. चहा झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "तो उभा तुकडा सोडा. पायऱ्यांखालच्या उंबरापासनं उजव्या अंगाला फिरवा, मेंढरं जात्यात तिकडनं. तिथं मुरूम हाय. आन् दर धा पावलांवर पान्याला बाजू द्या. फौजीला कळतंय, त्येला करू द्या."

मी ते वहीत लिहून घेतलं. नातू वही ओढायला लागला तेव्हा तिनं त्याला दटावलं, "आरं, बाईंची हाय ती."

आम्ही तसं केलं. फौजीनं केलं, मी नुसती उभी होते. त्यानंतरचे तीन हंगाम मी काम पाहिलं आणि गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर वही त्याच्याकडे दिली. आक्का परत आली नाही. थोरलीच्या तक्त्यावर नाव घालायचंच असेल तर या दोघांचं आधी घाला. नावं मी फोनवर सांगीन.

मागच्या आठवड्यात रिक्षानं पायथ्यापर्यंत गेले आणि फौजीला विचारून घेतलं. वाट चालू आहे. खालची सगळी वळणं आक्कानं ठेवली तिथेच आहेत, तिरके दगडही हललेले नाहीत. उंबरापासून वरचा भाग दर दिवाळीनंतर थोडा दुरुस्त करावा लागतो. माझ्या चाळीस पायऱ्यांपैकी सात उरल्या आहेत. त्यांच्यावरून कोणी जात नाही.