सतराव्या धड्याचं कुलूप

त्यांना सगळे कुलूपवाले म्हणत. वडिलांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर बसून हे लोकांच्या वेबसाइटी सांभाळत. खाली किल्ल्या घासायचं यंत्र गंजत पडलेलं. वर एक टेबल, दोन स्क्रीन आणि कुरकुरणारा पंखा. दातांचे डॉक्टर, चष्म्याचं दुकान, ट्रक भाड्याने देणारे दोघे भाऊ, अशी चाळीसेक गिऱ्हाइकं. साइट बनवून देणारे पैशाला पासरी मिळतात हो, पण बनल्यावर तिच्याकडे ढुंकून बघायला कुणी नसतं. साइट जिथून चालते ते होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल म्हणजे इमारतीतली मीटरची खोली. दर्शनी भिंतीचा रंग बघायला सगळे येतात, त्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही. कुलूपवाल्यांचं आयुष्य त्या खोलीत गेलं.

त्यांची कामाची एक रीत होती. रोज प्रत्येक साइटची नोंदवही उघडून ओळ न् ओळ वाचायची. कुणी, किती वाजता, काय मागितलं आणि त्याला काय उत्तर मिळालं, हे त्या ओळीत असतं. दोनशे हा आकडा असेल तर मागितलेलं दिलं. चारशेचार असेल तर ते इथं नाही. आणि चारशेतीन म्हणजे आहे, पण तुला देणार नाही. बायको म्हणायची, लोक पेपर वाचतात, आमचे हे आकडे वाचतात, आणि वर मलाच म्हणतात गप्प बस, गोष्ट रंगात आलीय.

त्या चाळिसांत एक साइट गाण्याच्या बाईंची होती. बाई घरीच शिकवायच्या. आवाज कसा लावावा याचे बेचाळीस धडे त्यांनी स्वतःच्या आवाजात घरच्या घरी रेकॉर्ड करून साइटवर ठेवले होते. एकदा कुठल्याशा क्लासने ते परस्पर आपल्या पानाला जोडले आणि खाली दुसऱ्याच कुणाचं नाव टाकलं. बाई सहसा चिडत नसत, त्या दिवशी चिडल्या. पुढे त्या आजारी पडल्या तेव्हा हे भेटायला गेले. बोलायला त्रास होत होता, तरी त्यांनी खुणेनं जवळ बोलावलं. "माझे धडे चालू ठेवा," त्या म्हणाल्या. "पण भलत्याच्या हाती पडू देऊ नका. आवाज आहे तो माझा." यांनी शब्द दिला. त्याच आठवड्यात बाई गेल्या.

दिलेला शब्द म्हणजे कुलूपवाल्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. बाई जाऊन दहा महिने झाले आणि धडे पुन्हा दुसऱ्या एका पानावरून वाजू लागलेले यांना दिसले. डोक्यात तिडीकच गेली. पॅनेलमध्ये यावर एक सोय असते: परक्या पानावरून कुणी आपली फाइल ओढू लागला, तर त्याला दारातच अडवता येतं. ती यांनी लावली. तिच्याखाली एक बारीकशी चौकट असते. फाइलचा पत्ता जे थेट उघडतात, त्यांना येऊ द्यायचं का? तिथली टिकही यांनी काढून टाकली. दुधानं तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही चूक या धंद्यातलाच माणूस करणार, दुसऱ्या कुणाला ती चौकट दिसलीसुद्धा नसती.

अडवलेल्याला जे पान दिसतं, तेही यांनी स्वतः लिहिलं. वर बाईंचा फोटो, खाली ठळक अक्षरांत दोन वाक्यं: तुम्हाला इथं यायची परवानगी नाही. पुन्हा येऊ नका.

बायकोनं ते वाचलं आणि तोंड वाकडं केलं. "बाई असं बोलायच्या नाहीत हो."

"चोराशी कसं बोलायचं मग? बसा, पाणी घ्या?"

तिसऱ्या दिवशी यांच्या लक्षात ती ओळ आली. संध्याकाळी पावणेपाचला कुणीतरी सतरावा धडा मागितला होता. चारशेतीन. पाच मिनिटांनी पुन्हा तोच धडा, पुन्हा चारशेतीन. मागे जाऊन पाहिलं तर आदल्या दोन्ही दिवशी तेच. आणि पुढे रोज तेच. बेचाळीस धड्यांतला तेवढा एकच, दोनदा मागायचा आणि निघून जायचं. अहो, चोर असा वागतो का? चोर सगळी दारं चाचपून बघतो. पण हे इरेला पेटले होते. मागणी इंटरनेटच्या ज्या पत्त्यावरून येत होती, तो पत्ताच त्यांनी बंद केला. फोनच्या इंटरनेटचा पत्ता बदलत राहतो, त्यामुळे दोन दिवसांनी दुसऱ्या पत्त्यावरून तीच विनंती आली. तोही बंद केला. मग तिसरा.

बाराव्या दिवसापासून मात्र गडी आतून हलला. साडेचार झाले की हातातलं काम बाजूला पडायचं. पावणेपाचला बाईंचा क्लास सुटायचा, हे त्यांना आठवलं आणि नको ते मनात शिरलं. आपला आवाज बाईच मागत असतील तर? माळ्यावर लख्ख उजेड, खाली रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका, आणि हे स्क्रीनपुढे हात मांडीवर ठेवून बसलेले. ओळ उमटायची. चारशेतीन. आपणच कुणालातरी तोंडावर नाही म्हणतोय, असं त्यांना वाटायचं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली. "भूत असतं तर तुमच्या पॅनेलला विचारत बसलं असतं का? सरळ आलं असतं की आत." पण यांचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं.

एकोणिसाव्या दिवशी ओळ आली नाही. विसाव्या दिवशीही नाही. म्हणजे हे जिंकले. आणि खरं सांगायचं तर त्या रिकाम्या जागेची त्यांना ओळीपेक्षा जास्त भीती वाटली. मागणारा गेला कुठे? शेवटी त्यांनी हेडफोन लावला आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. सतरावा धडा ऐकला.

धडा होता श्वास कुठे घ्यायचा याचा. बाई सावकाश सांगत होत्या, मध्येच एखादा सूर लावून दाखवत होत्या. दहा महिन्यांनी तो आवाज कानात आला आणि यांचे डोळे भरले. अकराव्या मिनिटाला बाई थांबल्या. तोंड जरा बाजूला वळवल्यासारखा आवाज आला.

"अहो, दूध बघा हो. उतू जाईल."

लांबून एक पुरुषी आवाज म्हणाला, "बघतो, बघतो."

बाई हलकेच हसल्या. "माफ करा मंडळी. हं, श्वास घ्या."

कुलूपवाल्यांनी हेडफोन काढला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते त्यांनी आपल्या हातानं केलं होतं. पॅनेल उघडलं, चौकटीत टिक केली, बंद केलेले तिन्ही पत्ते मोकळे केले. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग चप्पल अडकवून ते जिना उतरले आणि बाईंच्या घरी गेले.

तो पुरुषी आवाज बाईंच्या मिस्टरांचा. या गृहस्थांनी चाळीस वर्षं कारखान्यात नकाशे काढले, पण गल्लीत त्यांची ओळख एवढीच, बाईंचे मिस्टर. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. टेबलावर पेपर घडी न मोडलेला, आणि शेजारी एक जुनापुराणा फोन उपडा ठेवलेला.

"फोन बिघडला का?" यांनी विचारलं.

"फोन ठीक आहे." मिस्टर बसले. "भाचीनं त्यात बाईंचा एक धडा थेट उघडेल असा लावून दिला होता. बोट ठेवलं की वाजायचा. आता वाजत नाही. तिनं अबोला धरलाय."

"कुणी?"

"बाईंनी. तिची जुनी सवय. रागावली की बोलायची नाही. दोन दिवस, चार दिवस. एकदा अकरा दिवस. मी रोज पावणेपाचला माफी मागत होतो. अठरा दिवस मागितली. पण तिचाच फोटो आणि खाली लिहिलेलं, पुन्हा येऊ नका. मग माणसानं किती वेळा जायचं?"

"माफी कशाची?"

"त्या दिवशी दूध उतू गेलं होतं. मी बघतो म्हणालो आणि पेपर वाचत बसलो. जन्मभर तेच केलं."

कुलूपवाल्यांनी सांगून टाकलं. "काका, ते बाईंनी नाही लिहिलेलं. मी लिहिलंय. चोरांसाठी लिहिलं होतं, आणि तुम्हालाच अडवलं. मला माफ करा."

मिस्टरांनी त्यांच्या हातावर थोपटलं. "तुम्ही चांगले आहात, माझ्यासाठी अंगावर घेताय. पण तिचा राग मला ओळखू येतो हो."

यांनी परत सांगितलं. चौकट सांगितली, टिक सांगितली. म्हातारा ऐकून घेत होता, कुणा लहान मुलाचं मन राखावं तसा. कुंपणानंच शेत खाल्लं आणि आता शेताला ते पटेना. शेवटी यांनी तो फोन सुलटा केला, धडा उघडला आणि अकराव्या मिनिटावर नेला.

"अहो, दूध बघा हो. उतू जाईल."

मिस्टर उठले. गुडघा दुखत असेल, टेबलाचा आधार घेतला, पण थांबले नाहीत. स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर काहीच नव्हतं. तिच्या बटणावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले, पाठ दाराकडे, आणि इकडे टेबलावर बाई मंडळींची माफी मागून पुढे शिकवत होत्या.

"सुटला बुवा एकदाचा अबोला," आतून आवाज आला.

कुलूपवाले पुन्हा काही समजावायला गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला ओळ आली, दोनशे. तेव्हापासून रोज येते. त्या पानावरची दोन वाक्यं यांनी पुसून टाकली, पण स्वतःच्या मनातून त्यांना ती पुसता आली नाहीत. कुणाचा फोटो दिसला की त्याखाली तीच अक्षरं दिसतात. ओळ उमटेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावत नाहीत. आणि घरी बायकोनं आतून हाक मारली, अहो, जरा दूध बघता का, तर हा माणूस बघतो म्हणत नाही. हातातलं टाकून उठतो, शेगडीपाशी जातो आणि दूध खाली उतरेपर्यंत तिथून हलत नाही.