दादाचे रग्बीचे बूट

रग्बी लीगचा एक विंगर आज निवृत्त झाला. त्याची आई सामोआ बेटांवरची, वडील न्यूझीलंडचे माओरी. त्याचेच व्हिडिओ बघून माझा दादा बारामतीच्या मैदानावर कडेनं सुसाट पळायला शिकला. दोघांनाही गुडघ्याच्या दुखापतीनंच थांबवलं, दादाला तीन वर्षांपूर्वी.

बातमी सांगायला सकाळी पळसदेवला शेतात गेले. दादा उसाला पाणी देत होता. पायात ते खेळायचे बूट, ज्यांना घरात कुणी हात लावत नव्हतं.

"चिखलात घसरत न्हाईत," तो म्हणाला. मी बातमी सांगितली, तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "त्यानं बुटांचं काय केलं गं?"

निरोपाच्या व्हिडिओत त्या विंगरनं बूट मैदानातच ठेवले होते. तो अनवाणी बाहेर निघाला, तेव्हा अख्खं स्टेडियम उभं होतं.

"माहीत न्हाय," मी म्हणाले.

खरं सांगायला हवं होतं का? तुम्ही सांगितलं असतं?