दुपारी गार राहणारं घर

न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिनचं आमचं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते फेब्रुवारीतल्या, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातल्या, एका भर दुपारी. त्या गावाच्या मानाने बाहेर ऊन मी म्हणत होतं. आत पाऊल टाकलं आणि अंगावर गारवा आला. मी सोलापूरची. भर दुपारी पंख्याशिवाय गार राहणारं घर आमच्याकडे नशीबवानालाच मिळतं. माझा निर्णय उंबऱ्यातच झाला, स्वयंपाकघर वगैरे नंतर उपचार म्हणून पाहिलं.

त्याआधी ऑकलंडला, पापाटोएटोत, आम्ही बरीच वर्षं भाड्याच्या घरात काढली होती. तिथे स्वतःचं घर आवाक्याबाहेरचं होतं. मला इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्टची नोकरी मिळाली, नवऱ्याने घरून काम करायची परवानगी काढली आणि आम्ही दक्षिणेला आलो. त्या दुपारी घर बघायला आलेले बाकीचे लोक मोबाइलवर होकायंत्र उघडून खोल्याखोल्यांतून फिरत होते. नवरा माझ्या कानात म्हणाला, "बघ, हे गोरेसुद्धा वास्तुशास्त्र मानतात." आम्हाला फार बरं वाटलं. ते सगळे एकेक करून निघून गेले आणि घर आम्हाला मिळालं.

होकायंत्राचा उलगडा जूनमध्ये झाला. इथे सूर्य उत्तरेच्या बाजूने फिरतो आणि आमचं घर टेकडीच्या दक्षिण उतारावर. हिवाळ्यात ऊन टेकडीच्या मागेच राहायचं. रस्त्यापलीकडची घरं मात्र उजेडात. ते लोक ऊन शोधत होते आणि आम्ही हौसेने सावली विकत घेतली होती. नवऱ्याला यावर हसू यायचं, मला नाही.

पुढच्या वर्षी बाबा गेले. दादाने सोलापूरचं घर विकलं आणि आई आमच्याकडे आली, ती नेमकी ऐन हिवाळ्यात. "राहून बघते," एवढंच म्हणाली. तिने कायमचं राहावं अशी माझी फार इच्छा होती, पण ते बोलून दाखवायची हिंमत होत नव्हती. आई स्वेटरवर स्वेटर चढवून, माकडटोपी घालून खोली गरम करणाऱ्या हीट पंपासमोर बसायची. तिने तक्रार केली असती तर मी भांडले असते, माझा स्वभावच तो. पण ती करतच नव्हती. एकदा दादाशी फोनवर बोलताना मात्र ऐकू आलं, "सगळं छान आहे रे. फक्त घरात ऊन येत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हे घर विकून उन्हातलं लहानसं घर घ्यायचं, असं मी ठरवून टाकलं. नवऱ्याशी बोलले, एजंट बाईंना बोलावलं. आईला कळलं ते फाटकावर 'विकणे आहे'ची पाटी लागली तेव्हा. "तुझ्यासाठीच गं," मी म्हटलं. "बरं," ती म्हणाली.

तोवर आई गावात चांगलीच रुळली होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. शनिवारी रेल्वे स्टेशनच्या आवारात बाजार भरतो. तिथला बटाटेवाला तिच्यासाठी माती लागलेले कोवळे बटाटे बाजूला ठेवायचा. बसमधून उतरताना ती इथल्या लोकांसारखी मोठ्याने "थँक्यू, ड्रायव्हर" म्हणायची. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध आणायला जायची ती बराच वेळ परतायचीच नाही. आणि समोरच्या आजीबाईंच्या व्हरांड्यात दोघी उन्हात मटार सोलत बसायच्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीला इंग्रजी जेमतेम, तरी गप्पा चालायच्या. मला वाटायचं, बिचारी वेळ घालवतेय.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आमचं 'ओपन होम' ठरलं. त्या वेळात कुणीही येऊन घर बघून जातं आणि घरच्यांनी बाहेर जायचं असतं. एजंट बाईंनी बजावलं होतं, आदल्या दिवसापासून फोडणी नको.

"लोक घरी येणार आणि आपण नसायचं?" आईने विचारलं.

"इथे तशीच पद्धत आहे, आई."

"बरं."

तिला समोरच्या आजीबाईंकडे बसवलं आणि आम्ही दोघं समुद्रावर फिरायला गेलो. परत आलो तर फाटकातच मोहरी-हिंगाचा वास. दाराशी बुटांचा ढीग. आत आलेल्या प्रत्येकाच्या हातात कांदेपोह्यांची बशी, जणू घराचाच बघण्याचा कार्यक्रम होता. समोरच्या आजीबाई सोफ्यावर आरामात बसून खात होत्या. एजंट बाईंच्या हातातही बशी होती आणि चेहरा पडलेला. आई एका तरुण जोडप्याला खिडकी दाखवत होती. "व्हेरी गुड हाउस. बट नो सन. विंटर, नो सन." दोघांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि आणखी पोहे घेतले.

सगळे गेल्यावर मी भडकले. "ऊन येत नाही हे सांगायची काय गरज होती? मी हे घर तुझ्यासाठी विकतेय."

आई बशा गोळा करत होती. "राहायला येणाऱ्याला कळायला नको?"

"आणि तुला समोर बसायला सांगितलं होतं ना?"

तिने बशा सिंकमध्ये ठेवल्या. "सोलापूरचं घर दाखवायचं होतं तेव्हा दादाने मला मावशीकडे नेऊन सोडलं होतं. म्हणाला, चार दिवस राहा, तुला बघवणार नाही. परत आले तोवर सगळं ठरलेलं होतं." तिचा आवाज जराही चढला नाही. "आज तू समोर नेऊन बसवलंस. तिथून आपल्या दारात गाड्या थांबताना दिसल्या. मला बसवेना गं."

रडू येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी ओटा पुसायला घेतला.

तेवढ्यात एजंट बाईंचा फोन आला. त्या जोडप्याला घर पसंत पडलं होतं, ऊन नसलं तरी. उत्तर लगेच हवं होतं.

"थांबा," मी म्हटलं, "आईला विचारते." फोन बाजूला ठेवला आणि तिला सगळं सांगितलं. "तू काय म्हणतेस?"

आईने ओले हात पदराला पुसले.

"नाही म्हणून सांग त्यांना," ती म्हणाली. "ऊन खायला मी जाते की समोर. संध्याकाळी परत यायला हे घर असू दे."