चार आलेख, एक पान

मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी माझे चार कागद हातात घेतले, पहिला पाहिला, दुसऱ्याचा कोपरा उचलला आणि चारही परत दिले.

"एका पानावर आणा. बाहेर रांग बघितली ना? चार कागद चाळून कुठला कशाशी जुळतो हे मी कधी बघणार?"

ते कागद आईचे होते. तिचं हृदय अशक्त झालं आहे. अंगातलं पाणी नीट बाहेर पडत नाही, पाय सुजतात, वजन चढतं आणि आडवं झालं की दम लागतो. म्हणून दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा, वरण, ताक सगळं. जास्त गेलं तर पाण्याची गोळी वाढवावी लागते, आणि गोळी वाढली की मूत्रपिंडावर ताण येतो. या दोन्हीच्या मधल्या अरुंद जागेत आई जगते, आणि तिच्यासोबत आम्ही नवरा-बायकोही.

मी सरकारी कार्यालयात आकडेवारीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे घरात मोजायचं काम न सांगता माझ्याकडे आलं. रोज सकाळी आईला काट्यावर उभं करतो.

"तुह्या बापानं लग्नात सोनं नाई तोललं येवढं," ती म्हणते, "तू मले रोज तोलून राहिला."

पाण्यासाठी एक स्टीलचा पेला आहे. त्यावर मी खिळ्याने खुणा पाडल्या आहेत. बायको त्या पेल्याला माझा धाकटा भाऊ म्हणते. एकदा मी वरणात पाणी किती घातलं असं विचारलं, तेव्हा ती पळी हातात धरूनच वळली. "अजी, फोडणी देऊ का हिशोब देऊ? एक काहीतरी सांगा."

आईला दम लागला तर लगेच गाडी काढावी लागते, म्हणून मी बाहेरगावी मुक्काम करत नाही. कार्यालयाचं एक प्रशिक्षण सोडलं, पुतण्याच्या लग्नाला जाऊन जेवायच्या आधी परतलो. शहापूरला आमचं घर हायवेला लागून आहे. समोरून दिवसभर गाड्या रायपूरकडे आणि नागपूरकडे जात असतात. आई खिडकीतून त्या बघते.

डॉक्टरांनी कागद परत दिले त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन बसलो. आलेख मी आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो, कार्यालयातच शिकलो. पाणी, वजन, रक्तदाब आणि रात्री लागणाऱ्या उशा असे चार आलेख तयार होते. उशांचा आलेख डॉक्टरांनीच सुचवला होता. दम जितका जास्त, तितक्या डोक्याखाली उशा जास्त.

पान दोन ओळी आणि दोन रकान्यांत वाटायची सूचना एका ओळीची आहे. मी ती दिली आणि लाल अक्षरांत उत्तर आलं की समास फार मोठे आहेत. प्रत्येक आलेखाने आपापलं शीर्षक, आपापली कडेची पांढरी जागा एवढी धरून ठेवली होती की चित्राला जागाच उरली नव्हती. मी समास कापत बसलो.

आई त्याच खोलीत खाटेवर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती.

"काहून येवढा चिडून राहिला?"

"जागा पुरत नाही, माय. चार चित्रं एका पानावर बसवायचीत."

"मंग पान मोठं घे."

"डॉक्टरला एवढंच पाहिजे."

"मंग माह्या उशा काढून टाक. कायले सांगाचं जगाले, बुढी तीन उशा घेते म्हणून."

समास कापल्यावर चारही आलेख पानावर बसले, पण उपयोगाचे झाले नाहीत. रक्तदाबाचं यंत्र आम्ही उशिरा घेतलं, त्यामुळे तो आलेख दिवाळीपासून सुरू होत होता आणि वजनाचा पोळ्यापासून. दोन्हींची रुंदी सारखी आणि तारखा वेगळ्या. शेजारी ठेवले तरी एकाचा चढ दुसऱ्याच्या कुठल्या दिवशी येतो ते कळेना. मग मी चारही एकाखाली एक लावले. सगळ्यांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख एकच दिली आणि तारखा फक्त सर्वांत खाली लिहिल्या. रक्तदाबाची डावी बाजू रिकामी राहिली. जे मोजलं नाही ते रिकामंच राहिलं पाहिजे.

या वेळी चित्र पडद्यावर आलं आणि मी मागे टेकून बसलो.

सर्वांत वरची पाण्याची रेघ दर रविवारी तुटत होती. रविवारी दुपारी आई बुद्धविहारात जाते. तिथे ती वंदना सांगते. अलीकडे मध्येच श्वास घ्यायला थांबते, तर सगळ्या बाया थांबतात. मग चहा होतो, माठातलं पाणी होतं, गप्पा होतात. दिवेलागणीला ती घरी येते आणि मला सांगते, "पेली बाप्पा. किती, ते तुहं तू लाव." न मोजलेला आकडा मी लावत नाही. जागा मोकळी सोडतो, आणि मोकळ्या जागेवर सॉफ्टवेअर रेघ तोडतं. एकट्या आलेखात त्या फटींकडे माझंही कधी लक्ष गेलं नव्हतं. आता प्रत्येक फटीच्या लगेच पुढे खाली सोमवारचं वजन उभं होतं. त्याखाली रक्तदाब चढलेला, त्याखाली एक उशी जास्त. बुधवारपर्यंत सगळं ओसरत होतं आणि रविवारी पुन्हा फट.

ती तिथे पिते हे मला माहीत होतं. इतकं पिते हे माहीत नव्हतं.

हे चित्र पाहून डॉक्टर काय म्हणतील ते उघड होतं. आणि सहा दिवस दोन खोल्यांत काढणाऱ्या बाईला विहारात जाऊ नकोस हे सांगायचं काम माझ्यावर येणार होतं.

एक वाट होती. रोजचे आकडे न दाखवता सात दिवसांची सरासरी दाखवायची. आमच्या कार्यालयात चढउतार कमी करायला आम्ही असं नेहमी करतो आणि त्याला कोणी खोटं म्हणत नाही. पण आठवड्याने परत येणारी गोष्ट सात दिवसांच्या सरासरीत पूर्ण बुजते. मोकळे रविवार वगळून मी करून पाहिलं. फटी गेल्या, सोमवार गेले. एका पानावर चार शांत रेघा. अशा कागदावरून डॉक्टर गोळी ठरवणार, आणि सोमवारी आई पुन्हा तिसरी उशी मागणार.

"झालं का तुहं?" आईने चष्मा पुसला आणि स्टूल ओढून शेजारी बसली. आधी मी तिला तुटलेल्या रेघेचं चित्र दाखवलं.

"ह्या फटी कायच्या?"

"रविवारच्या."

"आन खाली हे उंटावानी?"

"सोमवारचं वजन."

"मंजे तू माह्या विहाराची चुगली करून ठेवली."

"मी काहीच लिहिलं नाही, माय. मोकळं सोडलं."

"तेच त. लहानसं एखादं लिवलं असतं, त कोनाले समजलं असतं?"

मग दुसरं चित्र दाखवलं. "हे नेऊ का?"

"हे कोनाचं होय?"

"तुझंच."

"माहं नाई वाटत. कोन्या सुखी बाईचं दिसते." ती पुन्हा शेंगांकडे वळली. "डाक्टरले खोटं सांगून मराचं नाई मले. आन खरं सांगून घरात बसाचं नाई. आता काय कराचं, तूच पाय."

मी तुटलेल्या रेघेचा कागद नेला.

डॉक्टरांनी बोट एका सोमवारवर ठेवलं, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. "रविवारी काय असतं?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "विहारात जाते जी. बाया चहा देतात."

"आणि पाणी? किती होतं?"

"मले कायचं माहीत? ह्याच्या कागदात फट हाय."

डॉक्टर हसले. कागद छान केलाय म्हणाले, दर वेळी असाच आणा. गोळी त्यांनी वाढवली नाही. "पण रविवारी एक तर जाऊ नका, नाहीतर तिथेही मोजून प्या. पुढच्या वेळी ही फट दिसली तर गोळी वाढवावी लागेल." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. मौद्याचा पूल मागे पडल्यावर ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "पेला पिशवीत टाका लागन."

त्या रविवारी तिने पांढरी साडी नेसली, पेला रुमालात गुंडाळला आणि निघाली. दिवेलागणीला बराच वेळ होता तेव्हाच परत आली. पेला टेबलावर ठेवून तिने आकडा सांगितला.

"एवढ्यात आलीस?" बायकोने विचारलं.

"बाया म्हणे, आजी, तुमचा पोरगा लय काळजी घेते. म्हटलं हो ना, हा काय, पिशवीत घालून आनला त्याले." बायको हसली. आईही हसली. मी आकडा लिहून घेतला.

तेव्हापासून एकही रविवार मोकळा नाही. सोमवारचं वजन जागेवर असतं, आणि उशा दोनच लागतात. नवा कागद तयार झाला तेव्हा तिने तो मागून घेतला. चष्मा लावून वरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि धानाच्या बांधीचं पाणी कुठून फुटतं का ते बघत शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून जावं तसं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेलं.

"कुठीच फट नाई सोडली," ती म्हणाली, आणि कागद माझ्या हातात देऊन पडायला गेली.