एका उडीसाठी बोरिवलीत चार दिवस

भांडुपहून बोरिवलीला सुट्टी काढून जाणारी, तिथे लॉजवर राहणारी आणि वर त्याच्यावर ब्लॉग लिहिणारी बाई मी एकटीच असेन. या ब्लॉगवर आजवर स्पिती येऊन गेलं, मेघालय येऊन गेलं, कच्छच्या रणात उंटवाल्याशी घातलेली हुज्जतही तुम्ही वाचलीत. यंदा कूर्ग ठरलं होतं. पण माझी बहीण वैशाली नर्स आहे, तिची रजा ऐन वेळी रद्द झाली, आणि तिच्या लेकीची, सानिकाची, राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा नेमकी त्याच आठवड्यात बोरिवलीत आली. "तू जाशील ना गं तिच्याबरोबर?" वैशालीने विचारलं. मी म्हटलं, कूर्ग काय पळून जात नाही. सानिका तेराची आहे, ती मात्र पुढच्या वर्षी मावशीला बरोबर घेईल की नाही कोण जाणे.

आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "अगो, बोरिवलीक जावक खोली कित्याक? पैशे वर इलेत काय तुझे?"

आईचं बरोबर होतं, पण वेळापत्रक आईपेक्षा खमकं होतं. सकाळी उजाडता उजाडता प्रॅक्टिस, मग नुसतं बसणं, आणि संध्याकाळी पुन्हा हजेरी. अशात पवईच्या ट्रॅफिकमधून रोज जा-ये करायची म्हणजे पोरगी रिक्षातच दमायची. तुम्हालाही जायचं असेल तर माझं ऐका. भांडुपहून रिक्षा करा, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड सकाळी नऊच्या आत ओलांडा, चारशेच्या वर मीटर पडेल त्याला हरकत घेऊ नका. नऊनंतर निघालात तर पवईचा तलाव इतका वेळ दिसतो की त्याचा कंटाळा येतो. आम्ही साडेनऊला निघालो होतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बर्फ विसरा. आमचं सगळं चार चाकांच्या बुटांवर, पुढे दोन, मागे दोन, आणि चवड्यापुढे रबराचा ब्रेक. त्यावर गिरक्या आणि उड्या, स्वतःच्या गाण्यावर. सानिकाच्या कार्यक्रमात यंदा पहिल्यांदा अ‍ॅक्सल नावाची उडी होती. बाकीच्या उड्या मागे तोंड करून मारतात, ही समोर तोंड करून. हवेत दीड गिरकी घ्यायची आणि उलटं उतरायचं. दिवाळीपासून ती त्या एका उडीच्या मागे लागली होती. घोटे काळेनिळे झाले, वैशाली ओरडून दमली, मग कुठे ती उडी बसली. पण ती बसली फक्त मरोळला, तिच्या नेहमीच्या जागी.

ती जागाही सांगायलाच हवी. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका गाळ्यासमोर सिमेंटचं आवार आहे. मालक सज्जन, रविवारी मुलांना वापरू देतो. पण मागच्या गाळ्याचे टेम्पो रविवारीही येतात. टेम्पो गेटात दिसला की ज्याला पहिला दिसेल तो ओरडतो, "गाडी!" आणि सगळी पोरं जिथे असतील तिथून सुटून भिंतीला चिकटतात. टेम्पो जातो, पोरं परत मध्ये येतात. सात वर्षं सानिका तिथे शिकली.

पहिला दिवस नावनोंदणीत गेला. लॉज हॉलपासून चालत दहा मिनिटांवर, चादरी स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी. खाली कोपऱ्यावर एक खाऊवाला खांडवी झकास देतो. हॉल मात्र काय सांगू. एवढं गुळगुळीत, आरशासारखं फ्लोअर, त्यावर देशभरातून आलेली मुलं, कोणी तेल लावून चापून बसवलेल्या अंबाड्यात, कोणी ट्रॅकसूटमध्ये झोपाळलेली, आणि या सगळ्यांना वेळ वाटून देणारी एक बाई, हातात माईक. तिला सगळे मंजिरी मॅडम म्हणत. प्रॅक्टिसची पद्धत अशी की सहा जणींचा गट एकदम रिंकवर सोडायचा, आणि प्रत्येकीचं गाणं एकेकदा वाजवायचं. एकदाच. जिचं गाणं लागलं तिने आपला कार्यक्रम करायचा, बाकीच्या पाचजणींनी तिला वाट द्यायची. गाणं संपलं की पुढचीचं. कुठलंही गाणं दुसऱ्यांदा लागत नाही, मग कोणाचा बाप येऊ दे. आले होते बरेच बाप. मॅडम हसून म्हणायच्या, "सर, तुमच्या मुलीला दोनदा दिलं तर कोणाच्या मुलीचं काढू, ते तुम्हीच सांगा." बाप परत जाऊन बसायचे. मी ऑफिसात वीस वर्षं मीटिंगा लावते, पण असली न्यायाची वाटणी मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सानिकाची पहिली प्रॅक्टिस होती. गाणं लागलं. सुरुवात सुंदर झाली. मग समोरून एक मुलगी आली, सानिका थबकली, बाजूला झाली. पुढे गिरकीत कोणीतरी जवळून गेलं, ही गिरकी सोडून सरकली. अ‍ॅक्सल मारायची ती जागा डाव्या कोपऱ्यात होती. तिथे जांभळ्या टाइट्समधली एक उंच मुलगी आपल्याच नादात गिरकी घेत होती. सानिका वेगात गेली, तिला बघितलं आणि वळून परत आली. गाणं संपलं. उडी झालीच नाही.

तिचे कोच निलेश सर शांत माणूस आहेत. ते कठड्यापाशी आले आणि म्हणाले, "गाणं कोणाचं होतं?"

"माझं, सर."

"मग बाजूला तू का होत होतीस?"

सानिका वाकून बुटांच्या लेस पुन्हा बांधायला लागली.

"उद्या शेवटची प्रॅक्टिस आहे," सर म्हणाले. "या फ्लोअरवर, गाण्यात, ती उडी मला एकदा दिसली पाहिजे. नाही दिसली तर मी कार्यक्रमातून काढतो. साधी उडी टाकू. न पाहिलेल्या जागी तुला आपटू देणार नाही मी."

माझं डोकं फिरलं होतं. सरांवर नाही, त्या जांभळ्या टाइट्सवर. तिची आई दोन रांगा पुढे बसली होती, चंदीगडची. मी तरातरा गेले आणि हिंदीत म्हटलं की तुमची मुलगी वाट देत नाही. बाई जरा गोंधळली. मग म्हणाली, "लेकिन दीदी, आपकी बेटी आती तो मेरी हट जाती ना. वो तो आई ही नहीं." आणि पर्समधून डबा काढून माझ्यापुढे धरला. भांडायला गेले आणि तुपातली पिन्नी, म्हणजे त्यांच्याकडचा कणकेचा लाडू, खाऊन परत आले. आता हिला काय बोलणार? शिवाय तिचं खरं होतं, हे पिन्नी संपेपर्यंत मलाही पटलं.

दुपार मोकळी होती, म्हणून सानिकाला नॅशनल पार्कात नेलं. बोरिवलीत येऊन तिथे न जाणं म्हणजे पाप आहे, फक्त पाण्याची बाटली आणि टोपी घ्या, आणि माकडांसमोर पिशवी उघडू नका. गेटपासून आत गेलं की दोन मिनिटांत हायवे विसरायला होतं. झाडांखाली चालताना मी नुसती सानिकाकडे बघत होते. सायकलवाला आला, ही रस्त्याखाली उतरली. एक कुटुंब फोटो काढत होतं, ही लांबून वळसा घालून गेली. शेवटी एक कुत्रा आला, त्यालाही हिने वाट दिली.

"अगं, आपण पण तिकीट काढलंय," मी म्हटलं.

ती हसली, पण लगेच तोंड उतरलं. "मला कळतं गं मावशी. पण समोरून कोणी आलं की पाय आपोआप जातात. आणि ओरडायचं म्हटलं तर घशातून निघतच नाही. त्या बाकीच्या कशा 'एक्स्क्यूज मी' म्हणतात, मला तसं जमतच नाही."

"मग मरोळला कोण ओरडतं?"

"गाडी आली की? मीच. माझा आवाज गेटापर्यंत जातो, सर म्हणतात." हे मात्र तिने अगदी तोऱ्यात सांगितलं.

सात वर्षं ही पोर ओरडली ती दुसऱ्याला वाट करून द्यायला. चांगलीच सवय ती, आपणच लावलेली. संध्याकाळी खिचडी खाताना मी उडीचा विषय काढला नाही. वैशालीचा फोन आला तेव्हा सानिकाने तिला माकडांबद्दल सांगितलं, उडीबद्दल नाही.

तिसऱ्या दिवशी सगळं वेळापत्रक कोलमडलं. हॉलच्या छतातून एसीचं पाणी फ्लोअरवर टपकत होतं. बूट घालून तयार मुलं भिंतीला ओळीने बसली, पालकांच्या ग्रुपवर मेसेजचा पाऊस सुरू झाला, कोणी म्हणालं प्रॅक्टिस रद्द, कोणी म्हणालं निम्मीच गाणी वाजणार. मला वाटलं, लागली वाट. उडी बघितलीच नाही तर सर काढणारच. पण मंजिरी मॅडमनी माईक घेतला. फ्लोअर पुसेपर्यंत सगळ्यांनी बाहेर पॅसेजमध्ये बूट काढून सराव करा, जेवणाची सुट्टी मी रद्द करते, माझी पण, गाणं कोणाचंही कापलं जाणार नाही. आणि खरंच नाही कापलं. त्या बाईने उभ्या उभ्या केळं खाऊन सगळे गट बसवले. देशात कुठेही मला एखादं काम वेळेत करून घ्यायचं असेल तर मी या बाईला बोलवीन.

सानिकाचा गट भर दुपारी उतरला. जांभळ्या टाइट्सचं गाणं आधी झालं, तिने आपला कार्यक्रम धबधब्यासारखा पार पाडला, आणि सानिका नेहमीप्रमाणे कठड्याला चिकटून तिला वाट देत होती. मग सानिकाचं गाणं लागलं. पहिली गिरकी पूर्ण झाली. समोरून आलेल्या मुलीला तिने जेमतेम चुकवलं, पण थांबली नाही. मग लांब वळण घेऊन ती डाव्या कोपऱ्याकडे निघाली, आणि कोपऱ्यात पुन्हा तीच उंच मुलगी, पाठमोरी, लेस बांधत. मी कठडा घट्ट धरला. सानिकाचे खांदे जरासे वळलेले मला दिसले, ती परत फिरणार होती.

"गाडी!"

काय आवाज म्हणता. अख्खा हॉल दणाणला. रिंकवरच्या मुंबईच्या दोन पोरी तर, गल्लीत खेळायची सवय, सरळ भिंतीला जाऊन चिकटल्या. चंदीगडच्या मुलीला मराठी येत नसेल, पण गाडी तर तिकडेही गाडीच. ती टुणकन बाजूला झाली आणि मागे वळून गाडी शोधायला लागली. तोवर सानिका हवेत होती. दीड गिरकी. उतरताना जरा डगमगली, हात पसरले, आणि मागे मागे निघून गेली.

निलेश सर तोंडावर हात धरून हसत होते. मंजिरी मॅडम माईकवर अगदी सरकारी आवाजात म्हणाल्या, "रिंकवर कुठलीही गाडी आलेली नाही. प्रॅक्टिस चालू ठेवा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी ते पुसलं नाही. उडी कार्यक्रमात राहिली. संध्याकाळपर्यंत मुलांच्या प्रत्येक गटात कोणी ना कोणी "गाडी" ओरडत होतं, एक केरळची चिमुरडी तर "गाड्डी" म्हणायची.

चौथ्या दिवशी स्पर्धेत रिंकवर ती एकटीच होती, वाट द्यायला कोणी नव्हतंच. अ‍ॅक्सल स्वच्छ उतरली. त्या आनंदात पुढची साधी गिरकी मात्र तिने चुकवली, त्यामुळे नंबर आला सातवा. जांभळ्या टाइट्सला रौप्यपदक मिळालं, आणि तिच्या आईने आम्हाला उरलेल्या पिन्न्यांचा डबा दिला. परतताना पवईला ट्रॅफिक होताच. "भारतात सातवी, मावशी," सानिका रिक्षात म्हणाली, मग थोड्या वेळाने पुन्हा एकदा म्हणाली.

मागे काय उरलं, हे मी प्रत्येक प्रवासाच्या शेवटी लिहिते. या वेळी त्यासाठी पुढच्या रविवारी मरोळला जावं लागलं. वैशालीलाही बरोबर नेलं, गाण्यासकट उडी तिने अजून फक्त मोबाइलवर पाहिली होती. आवारात स्पीकरवर सानिकाचं गाणं लावलं. बाकीची पोरं सांगायच्या आधीच भिंतीला जाऊन उभी राहिली. निम्मं गाणं झालं असेल नसेल, गेटातून टेम्पो आत आला आणि यादवभाईंनी हॉर्न दिला. यादवभाई तिथले जुने ड्रायव्हर, सानिका सहा वर्षांची असल्यापासून तिला ओळखतात.

वैशाली सवयीने पुढे झाली. "सानू, बाजूला हो, टेम्पो आहे."

सानिका कोपऱ्याचं वळण घेत होती. ती थांबली नाही. टेम्पोकडे बघून पूर्ण घसा ताणून ओरडली, "गाडी!"

यादवभाईंनी क्षणभर आरशातून मागे बघितलं, की बुवा मागून कोण येतंय. मागे कोणी नव्हतं. मग त्यांनी भिंतीला उभी राहिलेली पोरं बघितली, वाजणारा स्पीकर बघितला, सानिकाला बघितलं, आणि इंजिन बंद केलं.