आर्लीनच्या वहीतला कोरा रकाना

व्हर्लिन हाउगेनं पाचवी गोळी झाडली आणि दुर्बिणीतून पाहिलं. कोंबड्यांपुढे दाणे फेकावेत तशी कागदावर भोकं पसरली होती.

"बस्स झालं," तो म्हणाला. "नळी झिजली. शनिवारी गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकतो."

बंदूक आर्लीनची, त्याच्या बायकोची. बारीक, बावीसच्या गोळीची. त्या बंदुकीनं तिनं चाळीस वर्षं कुरणातल्या खारी टिपल्या. तिचा एक कागद अजून गॅरेजच्या भिंतीवर आहे. त्यावर पाच भोकं, डाइमच्या नाण्याखाली झाकतील अशी.

ती जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून व्हर्लिन तिच्या वहीबरहुकूम काडतुसं भरत होता. दारू तीच, वजन तेच, गोळी तीच. प्रायमरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसून दारू पेटवणाऱ्या टोपीचा, रकाना तेवढा कोरा होता. त्यात लिहायचं काय? बंदुकीला बंदुकीचा प्रायमर, हे शेंबडं पोरही सांगेल.

त्यानं दुर्बीण बदलली. दस्ता नवा बसवला. गोळ्या एकेक करून तोलल्या. तीन उन्हाळे फुकट गेले.

आर्लीनची मैत्रीण डोरीन ट्वाइट शेजारच्या बाकावर कॉफी पीत बसली होती.

"प्रायमर कुठला घालतोस?"

"बंदुकीचाच. चांगला जळजळीत."

"तिथंच घोडं अडलंय." तिनं पिशवीतून एक डबी काढून त्याच्यापुढे ठेवली.

"हे पिस्तुलाचे आहेत, डोरीन."

"वाचता येतं मला. अरे, पुंगळी एवढीशी, दारू चिमूटभर. तुझा प्रायमर दारू धड पेटायच्या आत गोळीला ढकलतो. काडीनं पेटणाऱ्या चुलीत तू मशाल खुपसतोस! मोठ्या बंदुकीत हे मवाळ प्रायमर घालशील तर मात्र तोंड भाजून घेशील. हिचा दाब कमी, हिला चालतं. तरी दारू कमी करून सुरुवात कर."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या बायकोनं. तीस वर्षं हेच वापरत होती."

"मग वहीत का नाही लिहिलं?"

"तू वही वाचशील म्हणून. चर्चच्या जेवणात काय म्हणाला होतास? 'बायकांच्या हाती बंदूक दिली तर पिस्तुलाचे प्रायमर घालतील, वर लोणी लावतील.' विसरलास?"

तो विसरला नव्हता. सगळे हसले होते. हॉटडिश वाढता वाढता आर्लीनही हसली होती. तेव्हापासून ती आपली काडतुसं तळघरात भरायची. गॅरेजात थंडी वाजते, म्हणायची.

गुरुवारी तो नवी काडतुसं घेऊन आला. कमी दारूपासून एकेक पायरी चढत वहीतल्या वजनापर्यंत पोचला. मग पाच गोळ्या झाडल्या. डोरीननं कागदावर डाइम ठेवला. चार भोकं झाकली. पाचवं अर्धं बाहेर राहिलं.

"हे बाहेरचं बंदुकीचं नाही," ती म्हणाली. "तुझं."

"तीस वर्षं!" तो ओरडला. "एका घरात, डोरीन! मला एक शब्द सांगायला काय झालं होतं तिला?"

 डोरीननं डाइम खिशात टाकला.

घरी येऊन त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला. बंदूक विकायची नाही म्हणाला.

"का हो? नळी गेलीय म्हणाला होतात ना?"

"नळीला काही झालेलं नाही," व्हर्लिन खेकसला आणि फोन आपटला.