दर पानाला लॉगिन

नर्सिंग प्रवेशाच्या वेबसाइटचं काम मी तुंगार्लीतल्या घरून बघत होते. गर्दी वाढली म्हणून मी तिला दुसरा सर्व्हर जोडला. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी वडिवळ्याहून मावशीचा फोन आला.

"पोरीचा फॉर्म भरंना गं. दर पानाला परत लॉगिन मागतंय. पाचला बंद हुणार न्हवं?"

माझ्या लगेच लक्षात आलं. एका माणसाला शेवटपर्यंत एकाच सर्व्हरकडे पाठवायची सेटिंग मी विसरले होते. पुढचं पान दुसऱ्या सर्व्हरकडे गेलं, की तो मावशीच्या पोरीला ओळखतच नव्हता, कारण तिचं लॉगिन पहिल्याकडे होतं. अशा किती पोरी अडकल्या असतील? मी सेटिंग चालू केली.

"मावशी, आता बघ."

पलीकडे मावशी पोरीला एकेक पान पुढे न्यायला सांगत होती.

"व्हय, गेला फॉर्म!"

चूक माझी होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.